अक्कानं तीनदा पाहिलेला शेवट

काल दुपारी मोबाईलवर तो जुना जपानी तलवारबाजीचा सिनेमा पुन्हा पाहिला. मधला भाग रेंगाळतो, रक्त म्हणजे नुसता लाल रंग, आणि शत्रू आपली पाळी येईपर्यंत निमूट थांबतात. पण शेवटी नायिका वैऱ्यासमोर गप्प उभी राहते, तिथं अजूनही श्वास अडकतो.

पहिल्यांदा तो तंजावुरातल्या आमच्या घरी, भाड्याच्या कॅसेटवर, अक्काबरोबर पाहिला होता. नवऱ्यानं मुद्दाम दारात चेंगरलेली तिची वीणेची बोटं पट्टीत होती. "परत जा," असं अप्पा तिला रोज सांगत. पडद्यावर रक्ताचं कारंजं उडालं तेव्हा मी हसले. अक्का हसली नाही. तिनं तो शेवट तीनदा लावायला सांगितला.

"ही लगेच का मारत नाही गं?" मी विचारलं.

"त्यानं आधी ओळखायला हवं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिरुवैयारुला, तिच्या सासरी गेलो. तिच्या नवऱ्याचा गाण्याचा वर्ग भरला होता. अक्कानं शिष्यांसमोर पट्टी सोडली आणि बोटं कुणी मोडली ते सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये सांगितलं. एकेक जण उठून गेला. नवरा हाका मारत राहिला. मला आजही त्याची दया येत नाही.

तेव्हा वाटलं, सिनेमानं तिला शिकवलं. आता कळतं, तिचं आधीच ठरलं होतं.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "भूक लागली मला." कितीतरी दिवसांनी.