झाकलेला कप

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचत आले, पण विश्वास कधी ठेवला नाही. घरातलं माणूस गेलं की उरलेल्यांना भास होतात, एवढंच माझं मत होतं... आता मत काय आहे, ते मलाच सांगता येणार नाही.

नाशिकला गंगापूर रोडवर आमचा फ्लॅट आहे. बाबा वकील होते. पूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची — वकिली सोडून खासगी गुप्तहेर झालेल्या माणसाची. बाबा त्याला हसायचे. याला पक्षकार मिळत नसणार, म्हणून हे धंदे, असं म्हणायचे. पण एकही भाग चुकवायचे नाहीत. आमच्या घरी नियम होता. खुनी ओळखला की बोलायचं नाही, आपल्या चहाच्या कपावर बशी झाकायची. नाव शेवटी सांगायचं. बाबांची बशी नेहमी पहिली. चहा अर्धा राहिला तरी चालेल, पण यांना जिंकायचं असतं, असं आई चिडवायची.

गेल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हातही. शेवटी शेवटी ते डाव्या हाताने माझं मनगट धरून काहीतरी सांगू बघायचे. पाटी दिली, अक्षरं दाखवली, एकेक नाव घेऊन पाहिलं... ते नुसती मान हलवायचे. ते नाही, ते नाही. आणि तसेच गेले.

पुढे ती मालिका मला इंटरनेटवर सापडली. आईला बरं वाटेल म्हणून एका दुपारी लावली. तिने सवयीने तीन कप चहा केला. तिसरा कप मी बाबांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला — बशीत, नेहमीसारखा.

भाग अर्ध्यावर आला असेल. आईने माझा हात घट्ट धरला. बाबांच्या कपावर बशी झाकलेली होती.

आम्ही दोघी सोफ्यावर होतो. खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला. कुणीही उठलं नव्हतं.

मालिका चालूच राहिली. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, एकेकाकडे पाहिलं... आणि चित्र तिथेच संपलं. कुणीतरी जुन्या टेपवरून उतरवलेला भाग, त्याला शेवट नव्हताच. मी पुढे खूप शोधला. कुठेच नाही.

टीव्ही काळा झाला तरी आई खुर्चीकडेच बघत होती. मग अगदी हळू म्हणाली,

"अहो, आता तरी सांगा की."

ती खुन्याबद्दल विचारत नव्हती.

शेवटी मी उठून बशी उचलली. आतल्या बाजूला वाफेचे थेंब होते, चहा भरलेला, गार.

आई अजूनही अधूनमधून तोच भाग लावायला सांगते, आणि तीन कप करते. बशी पुन्हा हललेली नाही. याचा उलगडा माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल असंही वाटत नाही. बाबांना ठाऊक होतं, इतकंच कळलं. काय, ते नाही.