दाभणमावशीची झोळी

ताडपत्री शिवायची सुई साधी नसते. वीतभर लांब, टोकाशी किंचित वाकलेली. तिला दाभण म्हणतात. ती नुसत्या बोटांच्या जोराने कापडात जात नाही. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधायचा आणि अंगाचा भार देऊन तिला ढकलायचं. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या या बाईला सगळी वस्ती दाभणमावशी म्हणायची, आणि ते केवळ हातातल्या सुईमुळे नव्हे. तिची जीभही तशीच होती. आरपार जायची, पण जाताना मागे दोरा ठेवून जायची.

वस्ती उतारावर होती. वरच्या अंगाला डांबरी रस्ता, शाळा, पाण्याची टाकी. खालच्या अंगाला नदी. मधे एकच गल्ली आणि गल्लीच्या मधोमध एक वळण, दुमडलेल्या कोपरासारखं. ज्यांना वर जागा मिळाली नाही ते खाली गेले. ज्यांना तिथेही मिळाली नाही ते आणखी खाली. नदी कुणालाच नाही म्हणत नव्हती.

पूर यायला इथे पाऊस पडावा लागत नसे. पाऊस कुठेतरी लांब डोंगरात पडायचा, धरण भरायचं, त्याची दारं उघडायची आणि इथे लख्ख उन्हात पाणी चढायला लागायचं. भोंगा वाजला की वर शाळेत जायचं, एवढं प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्यांचे पाय चालतात त्यांना तेवढं पुरतं.

एका पुरात इस्त्रीवाल्याचा बाप अंथरुणाला खिळलेला होता. चौघांनी त्याला खाटेसकट उचललं आणि गल्लीने वर निघाले. वळणावर खाट अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. खाटेमागे माणसं तुंबली, माणसांमागे पाणी. शेवटी लोक खाटेखालून वाकून, एकमेकांना ढकलत निसटले. इस्त्रीवाला सगळ्यात शेवटी निघाला; निघाला म्हणजे दोघांनी त्याला ओढून नेलं. पाणी उतरल्यावर खाट तिथेच होती, दोन भिंतींच्या मधे आडवी. रिकामी. त्यानंतर बरेच दिवस इस्त्रीवाला कपड्यांना एकाच बाजूने इस्त्री करून द्यायचा. लोक ते तसेच घेऊन जायचे.

त्या खाटेभोवती उभं राहून सगळे हळहळत होते तेव्हा दाभणमावशी वळणाकडे बघत होती.

"खाट वाकत नाही," ती म्हणाली. "माणूस वाकतो. मग माणसाला खाटेवर न्यायचंच कशाला?"

पुढच्या आठवड्यात तिने एक जुनी ताडपत्री कापली, दुहेरी केली, कडेने जाड दोर शिवला आणि झोळी तयार केली. आधी तिला चार पट्टे होते. मग तिने मोडून सहा केले. कुणीतरी विचारलं, चौघं काय कमी आहेत?

"दिवसा पाणी आलं तर वस्तीत पुरुष कोण असतात ते सांग. इस्त्रीवाला, न्हावी आणि दोन पेंगणारे. उचलायचं बायकांनीच आहे. चौघींच्या कमरा मोडण्यापेक्षा सहाजणी बऱ्या."

ज्या ज्या घरात चालू न शकणारं माणूस होतं, तिथे ती माप घ्यायला जाऊ लागली. सुतळी घेऊन जायची, डोक्यापासून टाचेपर्यंत धरायची, गाठ मारायची. लोकांना ते आवडलं नाही. मेल्यावर घ्यायचं माप ही जिवंतपणी घेते, म्हणाले. एका म्हातारीने तर सुतळी हिसकून चुलीत टाकली. मावशी दुसरी सुतळी घेऊन गेली. म्हातारी झोपेपर्यंत तिच्याशी तिच्या सुनेची निंदा करत बसली आणि मग निवांत माप घेतलं.

तिला सगळं येत होतं असं नाही. अग्निशमन केंद्रातला एक जवान सुट्टीच्या दिवशी तिची झोळी बघायला आला. पट्टे तळातून एकमेकांवर ओलांडून शिवा, नाहीतर ओलं झाल्यावर शिवण उसवेल, असं त्याने सांगितलं. तिने त्याच्यासमोर सगळी शिवण उसवली आणि पुन्हा घातली. "बरं झालं आलास," म्हणाली, "नाहीतर एखादं माणूस तळातून गळलं असतं आणि मी म्हटलं असतं, दोर चांगला नव्हता."

सुट्टीच्या दुपारी सराव चालायचा. कुणालातरी झोळीत घालून गल्लीने वर न्यायचं. पहिल्यांदा नुसती हसाहशी झाली. झोळीतला न्हावी दोन्ही हातांनी दोर धरून बसायचा.

"अरे, मेल्यासारखा पड की!"

"मावशी, मेलेल्याला गुदगुल्या होत नाहीत. मला होतात."

"गप्प. तुझं डोकं भिंतीला आपटलं तरी दुसऱ्याचं डोकं समजून आपटू दे."

सराव हळूहळू बरा होत गेला. अडचण एकच उरली. वस्तीतलं सगळ्यात खालचं घर.

त्या घरात तिची नणंद राहायची, नवऱ्याची थोरली बहीण. एकेकाळी ती इमारतींच्या कामावर मुकादम होती. तिच्या हाताखाली बायका विटांची घमेली घेऊन फळीवरून चढायच्या, आणि तिने खालून हाक दिली की कुणाचा पाय चुकायचा नाही. नंतर अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, आवाज राहिला. दाराशी टाकलेल्या खाटेवर पडून ती सगळ्या गल्लीवर मुकादमी करायची. देह भारदस्त, स्वभाव त्याहून. भाऊ वारला तेव्हा भावजयीने आपल्याजवळ येऊन राहावं अशी तिची अपेक्षा होती. भावजय वरच्या अंगाला, ताडपत्र्यांच्या दुकानामागच्या खोलीत जाऊन राहिली. तेव्हापासून दोघींचं बोलणं होतं, पण त्याला बोलणं म्हणणं कठीण.

दाभणमावशी सुतळी घेऊन दारात उभी राहिली की नणंद डोळे मिटायची.

"वन्सं, फक्त माप घेते."

"माझ्या भावाचं घेतलंस का माप, तो गेला तेव्हा?"

"त्यांना कुठे न्यायचं नव्हतं मला."

"मलाही कुठे जायचं नाही. या घराला वीट मी लावली आहे. पाणी आलं तर माझ्याशी बोलेल आणि जाईल."

"पाणी बोलत नाही, वन्सं."

"मग तू तरी कुठे बोलतेस? नुसती टोचतेस."

माप मिळालं नाही. मावशीने अंदाजाने झोळी शिवली, सगळ्यात मोठी. नणंद सरावाला येईना म्हणून तिच्याऐवजी वाळूची पोती घातली. वजन साधारण तितकंच. त्या सहाजणांनी, म्हणजे इस्त्रीवाला, त्याची बायको, न्हावी आणि धुणीभांडी करणाऱ्या तिघीजणींनी, ती झोळी नणंदेच्या दारापासून उचलली आणि गल्लीने वर नेली. खाटेवरून आवाज आला, "हळू, हळू! मला लागतंय!" सगळे हसले, नणंदसुद्धा. मावशी हसली नाही. पोती वर पोचली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं चुकीचं होतं.

पाणी आलं त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. वाळत घातलेले कपडे वाऱ्यावर हलत होते. भोंगा वाजला तेव्हा मावशी जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीच्या मधोमध बसून शिवत होती. दाभण कापडातच ठेवून ती उठली आणि सगळे वर येत असताना खाली निघाली. वरच्या घरांतल्या दोन झोळ्या तिला वाटेत भेटल्या. म्हातारी एकीत होती, शिव्या देत होती. म्हणजे ठीक होती.

नणंदेच्या उंबऱ्याशी पाणी पोचलं होतं. तपकिरी, घाई नसलेलं. सहाहीजण आलेले होते. त्यांनी झोळी खाटेवर पसरली, नणंदेला कुशीवर वळवलं, झोळी खाली सरकवली. सगळं शिकवल्यासारखं झालं. पट्टे मनगटाला गुंडाळले. उचललं. दारापर्यंत आले.

आणि नणंदेने उजव्या हाताने चौकट धरली.

वाळू चौकट धरत नाही. इतक्या सरावात हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. बाईच्या अंगातलं उरलेलं सगळं बळ त्या एका हातात गोळा झालं होतं. पुढच्यांनी ओढलं तर झोळी तिरकी झाली, मागच्यांनी ढकललं तर ती घसरायला लागली. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं.

"सोडा हात, आत्या!" न्हावी ओरडला.

"तू सोड. तुम्ही सगळे सोडा. जा वर."

इस्त्रीवाला तिची बोटं एकेक करून उकलायला लागला. एक उकललं की आधीचं पुन्हा बसायचं. त्याच्या बायकोने हळूच त्याच्याकडे पाहिलं. "मी जाणार नाही," तो म्हणाला, नणंदेला नाही, कुणालाच नाही. "ह्या वेळी मी जाणार नाही."

दाभणमावशीने त्याचा हात धरून बाजूला केला. गुडघाभर पाण्यात ती नणंदेच्या उशाशी आली, पण तिच्याकडे बघितलंच नाही. उचलणाऱ्यांकडे बघितलं.

"काय ही उचलायची रीत!" ती म्हणाली. "सहा माणसं, सहा दिशा. यांना कुणी मुकादम नाही, वन्सं. मी सांगून दमले."

नणंदेने मान वळवली.

"ते दिसतंय मला," ती म्हणाली. "ती मागची, लांब हातांची. पट्टा पार खाली धरलाय. सगळा भार पुढच्या पोरीवर येतोय."

"माझं ऐकत नाही ती."

"तुझं कोण ऐकणार? ए! तू! हात वर घे. वर! अजून!"

आणि हात वर म्हणजे किती वर, ते दाखवण्यासाठी तिने चौकट सोडली.

सहाहीजण एकदम बाहेर पडले. इतक्या घाईने, की मावशीला पाण्यातून त्यांच्यामागे धावावं लागलं. गल्लीत नणंदेचा आवाज घुमायला लागला. डावीकडून जोर लावा. न्हाव्या, पायाकडे बघ, आकाशात काय आहे? वळण आलं तसे पुढचे थबकले. सरावात ते पोत्यांचं कुठलंही टोक पुढे करून जायचे. पोत्यांना डोकंही नसतं आणि पायही नसतात. आता डोकं पुढे होतं, मान वाकत नव्हती आणि झोळी भिंतीला घासायला लागली. खाली पाणी वळणाच्या पहिल्या पायरीवर चढत होतं. इस्त्रीवाला भिंतीकडे बघत उभा राहिला.

"मागे या!" नणंद गरजली. "मला फिरवा. पाय पुढे. माझे गुडघे दुमडा, डावाही दुमडतो, मला कळत नाही इतकंच. हां. आता कोपऱ्यात पाय घाला आणि डोकं वर उचला. ए इस्त्रीवाल्या, तुलाच सांगतेय! भिंत नाही, मला बघ!"

इस्त्रीवाल्याने तिच्याकडे बघितलं. डोक्याकडचा पट्टा त्याने छातीशी आवळला आणि वर उचलला. झोळी दुमडली, बाई दुमडली, आणि सगळे वळणाच्या वर निघाले.

शाळेच्या वर्गात बाकं एकत्र करून नणंदेला निजवलं. इस्त्रीवाला दाराबाहेर भिंतीला टेकून बसला आणि बराच वेळ आपल्या मनगटावरचे पट्ट्याचे वळ बघत राहिला. त्याची बायको त्याच्याशेजारी बसली. आत नणंद सगळ्यांच्या उचलण्यातल्या चुका काढत होती. मग मात्र ती गप्प झाली, आणि तिच्या गप्प होण्याने वर्गातली माणसं घाबरली.

पाणी ओसरल्यावर दाभणमावशी खाली जाऊन आली. पायांना चिखल, हातात काही नाही. ती येऊन बाकाशेजारी जमिनीवर बसली.

"काय राहिलं?" नणंदेने विचारलं.

"मागची भिंत गेली. पत्रे गेले. दार गेलं."

"चौकट?"

"चौकट उभी आहे."

नणंद छताकडे बघत राहिली. तिच्या तोंडाची एकच बाजू हसायची, ती हसली. "बघ. मी धरली होती ती उगाच नाही."

"उगाच नाही, वन्सं."

दाभणमावशीने ओली झोळी मांडीवर ओढून घेतली. झोळीबरोबर वर आलेला दोराचा एक तुकडा पाण्यात भिजून टणक झाला होता, तो तिने घेतला. तळहाताला पट्टा बांधला, येताना दुकानातून कमरेला खोचून आणलेली दाभण ओवली आणि झोळीच्या आतल्या अंगाला, उजव्या हाताच्या बाजूला, दोराची एक कडी शिवायला घेतली. दाभण ढकलताना तिचा सगळा खांदा पुढे जायचा. नणंद बघत होती.

"ते काय करतेस?"

"धरायला."

"कुणाला?"

"जो कोणी आत असेल त्याला. माणूस काहीतरी धरणारच. मला आधी सुचलं नाही."

नणंदेने उजवा हात झोळीवर ठेवला, बोटं कडीकडे नेली आणि तोंड वाकडं केलं.

"जरा वर घे. इतक्या खाली माझा हात पोचत नाही."

मावशीने शिवण उसवली आणि कडी वर घेतली.