गाबोळी कुणाच्या ताटात

आईच्या उजव्या पायाला नवी चप्पल लागली आणि जखम भरेना. साखर जुनी, पायातली जाणीव केव्हाच गेलेली. दुखलंच नाही, म्हणून तिनं आठ दिवस सांगितलंच नाही. मी मोज्यावर डाग बघितला तेव्हा कुठे आम्ही रिक्षा करून उल्हासनगरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याशी बोलले, आईशी नाही. “मॅडम, साखर आटोक्यात ठेवा आणि पोटात प्रोटीन जाऊ द्या. शरीराला मालच मिळाला नाही तर जखम भरणार कशी? पाय वाचवायचाय ना?”

पाय वाचवायचा होता. पण आईला अंड्याच्या वासानं मळमळायचं, डाळीनं गॅस व्हायचा. दाढा पडलेल्या, त्यामुळे मटण चावायचं नाही आणि माशाच्या काट्याची धास्ती. राहिली गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. काटा नाही, चावावी लागत नाही, पोटाला जड नाही. मी मोबाइलवर वाचलं, प्रोटीन भरपूर, बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व, माशाचं चांगलं तेल. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल असतं, मीठ बेताचं घाला, रोज दोन तुकडे चालतील.

ड्रेसिंगच्या रांगेत शेजारी एक सिंधी बाई बसायच्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. “अरे, हम लोग उसको आणी बोलते हैं. प्याज और हरे मसाले में डालो, ऊपर से थोड़ा टमाटर. बहुत ताकत है उसमें.” मी तसंही करून बघितलं आणि आमच्या पद्धतीनंही. अख्खी गाबोळी हळद-मिठाच्या पाण्यात मंद उकडायची, घट्ट झाली की सुरीनं चकत्या करायच्या, आलं-लसूण, तिखट, कोकमाचं आगळ चोळून तांदळाच्या पिठात घोळवायच्या. तव्यावर टाकल्या की झाकण हवंच, नाहीतर दाणे फुटून अंगावर उडतात. माझ्या मनगटावर अजून दोन डाग आहेत.

मोरिवलीच्या कंपनीतून सुटले की मी थेट मासळीबाजारात. कोळीण ओळखीची झाली होती. “ताई, कटल्याची हाय आज. पिशवी फाटलेली नाय बघ, वास घे.” मी वास घ्यायची, विकत घ्यायची, घरी बुवापाड्याला येऊन उकडायची, तळायची. आईचे दोन तुकडे स्टीलच्या डब्यात, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणासाठी. सकाळी सातला मी घराबाहेर. माझा डबा आई भरायची, खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर. तेवढं तिला करू द्यायचं हे आमचं ठरलेलं.

आता आमच्या घरातली रीत सांगते. माशाच्या पोटात गाबोळी निघाली की ती बाहेर पडणाऱ्याची. कमवायला जातो त्याची. बाबा होते तोवर ती बाबांच्या ताटात जायची आणि ते मान खाली घालून खायचे. आई शेपटीचा तुकडा घ्यायची. मी कॉलेजात असताना यावरून रणकंदन केलंय. “तुझ्या जिभेला चव नाही का?” असं ओरडले होते मी. बाबांना तर एकदा तोंडावर म्हटलं, “लाज कशी वाटत नाही?” त्यांनी तरीही खाल्ली. बाबा गेल्यावर गाबोळी माझ्या ताटात यायला लागली. कधीपासून, ते मला नीटसं आठवत नाही, आणि न आठवणं सोयीचंच आहे.

तर त्या आजारपणातल्या पहिल्याच आठवड्यात मी कंपनीत डबा उघडला. पोळी आणि कांदा-कोथिंबीर घातलेली भुर्जी. आई सकाळी म्हणाली होती, अंड्याची केलीय. पहिल्या घासाला दाणे दाताखाली आले. ज्यानं आयुष्यात एकदा गाबोळी खाल्लीय त्याला ते कळतंच. तिचे दोन तुकडे कुस्करून तिनं माझ्या डब्यात भरले होते.

मी खाल्ली. भूक लागली होती आणि भुर्जी फर्मास झाली होती. संध्याकाळी विचारलं, “आई, गाबोळी?” “खाल्ली की दुपारी,” ती म्हणाली. डबा घासून पालथा घातलेला. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे भांडण, आणि तिच्यासमोर दुपारी बसून खाऊ घालायचं म्हणजे रजा. मी दमले होते, हे खरं आहे. मला ती आवडायची, हेही खरं आहे.

मग ती भुर्जी आठवड्यातून तीन-चारदा यायला लागली. डॉक्टर विचारायचे, “खातात ना नीट?” मी म्हणायची, “हो, रोज गाबोळी देते.” आई शेजारी बसून मान डोलवायची. दोघी मिळून खोटं बोलायचो आणि एकमेकींना सांभाळून घ्यायचो.

आधी अंगठा काढला. मग गुडघ्याखाली पाय. डॉक्टर म्हणाले, रक्तपुरवठाच कमी होता, खाण्यानं फार फरक पडला नसता. ते खरं होतं की ते माझी समजूत काढत होते, हे मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

आईला घरी आणलं त्या आठवड्यात मी रविवारी गाबोळी आणली. तीन तुकडे तळले. ताट तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसले. “तू घे आधी,” ती म्हणाली. “खा,” मी म्हणाले, जरा मोठ्यानंच. तिनं भाकरीचा घास मोडला, सावकाश खाल्ला. ताटातले दोन्ही तुकडे संपवले. तिला गाबोळी खाताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आवडत होती तिला. चांगलीच आवडत होती.

बोटं चाटून तिनं मान वर केली आणि लाजत विचारलं, “अजून एखादा तुकडा आहे का गं?”

तिसरा तुकडा मी तळता तळता ओट्याशी उभ्यानंच खाल्ला होता.

“संपली,” मी म्हणाले.