गडग्यावरून गेलेल्या सुमनवहिनी

गेल्या महिन्यात एका सकाळी साडेनऊच्या सुमारास सुमनवहिनींची तिरडी माझ्या कलमांच्या बागेच्या फाटकापाशी येऊन थांबली. बरोबर गावातली तीसेक माणसं होती. मीही होतो. फाटकाला कुलूप होतं, चावी राखणदाराकडे होती आणि राखणदार सुट्टीवर गेला होता. खांदेकऱ्यांची चूक नव्हती. स्मशानाकडे जाणारी जुनी पायवाट तिथूनच जायची. दोन वर्षांपूर्वी मी कुंपणाला छातीइतका चिऱ्यांचा गडगा घालून ती बंद केली, हे त्यांना माहीत होतं. पण पाय सवयीने वळले. निघालेली तिरडी आमच्याकडे मागे फिरवत नाहीत. गडग्यापलीकडच्या वाडीतले तुकारामदादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय एवढी परदेशात फिरली, तिकडं कोणी अडवलान नाय. हितं दिरानं अडवलान." चौघे गडग्यावर चढले आणि तिरडी हातोहात पलीकडे घेतली. घेताना वहिनींची मान कलली. ती सावरायला मी हात पुढे केला, पण त्याआधीच दुसऱ्या कुणीतरी ती सावरली होती.

सुमनवहिनी माझ्या चुलतभावाच्या पत्नी. मिरजोळ्याच्या पुढे आमचं गाव, तिथल्याच शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. मी शहरात, मांडवीला राहतो, सुट्टीला बागेत जातो. त्यांची मुलगी मुग्धा स्वीडनमध्ये काल्मारला असते. तिच्या बाळंतपणाला गेल्या आणि समोरच्या ओलांद बेटाच्या प्रेमात पडून आल्या. लांबलचक पूल पार केला की बेट. परत आल्यावर ओटीवर बसून मला म्हणाल्या, "भावजी, आपला कातळाचा सडाच हो तो! आपला तांबडा, त्यांचा पांढुरका, एवढाच फरक." चुनखडीचा उघडा कातळ, वर वीतभरसुद्धा माती नाही, आणि ऋतू आला की त्यावर फुलंच फुलं. मी विचारलं, लांबी-रुंदी किती? "लांबी सव्वाशेच्या वर किलोमीटर. रुंदी मात्र जेमतेम सोळा, इथून हातखंब्याच्या जरा पुढे, की संपलं बेट." शेतकऱ्यांच्या लाकडी पवनचक्क्या, जहाजाच्या आकारात उभे केलेले दगड आणि त्यात पुरलेली जुन्या काळची माणसं, सगळं वहिनी शाळेत सांगावं तसं सांगत. पूर्वी ते बेट राजाचं शिकारीचं रान होतं. राजाची हरणं शेतात शिरली तरी हाकलायची सोय नव्हती, आणि कुत्रा पाळायचा तर त्याचा एक पाय आधी अधू करायचा. "आणि आता बघा," वहिनी म्हणाल्या, "कुणाच्याही रानातून कुणीही चालावं. पीक तुडवू नये, अंगणात शिरू नये, बस्स."

"तिथे हापूस नाही ना, म्हणून," मी म्हणालो.

त्या खो खो हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "वाटेपुरतं तरी उघडा, भावजी. वाडीतल्या बायका करवंदांना, जळणाच्या फाट्यांना तिथूनच जायच्या."

"सातबाऱ्यावर वाट नाही, वहिनी."

खरंच नव्हती. मी कागद तीनदा पाहिला होता. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. चहा केला, बाठ्यासकट आंब्याच्या फोडी पुढे ठेवल्या. आंबे माझ्याच बागेतले होते, मीच पाठवलेले.

मुग्धा बाराव्याला पोचली. अंत्ययात्रा तिने फोनवर पाहिली होती. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काका, तिथल्या दगडी कुंपणांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या असतात. गुरं आत राहतात, माणसं जातात. आई साडी खोचून चढायची आणि वर उभी राहून मला हाक मारायची."

दुसऱ्याच दिवशी मी वाडीतल्या सुरेश गवंड्याला बोलावलं. तो तुकारामदादांचा पुतण्या. दोन दिवसांत त्याने गडग्याला आतून-बाहेरून चिऱ्यांच्या पायऱ्या बांधल्या, काम चोख केलं. मजुरी मी ठरल्यापेक्षा पाचशेने जास्त दिली. त्याने मोजली, पाचशेची नोट वेगळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि घमेलं उचललं. त्याचं घर गडग्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर दिसत होतं. "आता इथूनच जा की," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे, सायेब," तो म्हणाला आणि सड्याला वळसा घालून निघाला.