इतका स्वच्छ सिग्नल

"अनघा गेली," तिचे पती प्रशांतजी फोनवर म्हणाले, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हा माणूस आजही काहीतरी लपवतोय. गेले कित्येक महिने ते "बिल्कुल ठीक आहे" असंच सांगत आले होते. त्यांच्या बोलण्यावरचा माझा विश्वास उडाला होता. दिल्लीत मयूर विहारला त्यांच्या घरी पोहोचले, दाराबाहेर चपलांची गर्दी पाहिली, तेव्हा पटलं.

अनघा आणि मी नोएडातल्या एकाच ऑफिसात होतो. हार्ड डिस्कच्या तबकडीवर चुंबकीय खुणा इतक्या दाटीने असतात, की एक वाचायला जावं तर शेजारणीची कुजबुज मिसळते. त्या गोंगाटातून शून्य आहे की एक, हे ओळखायचं, हे आमचं काम. नुसतं उत्तर देऊन भागत नाही, त्याची किती खात्री आहे तेही डिकोडरला, म्हणजे खुणा वाचणाऱ्या प्रोग्रामला, सांगावं लागतं. "चुकणारा डिकोडर परवडतो गं," अनघा म्हणायची, "छातीठोकपणे चुकणारा नाही परवडत."

टीममधल्या सौरभने नॉइज, म्हणजे हा गोंगाट, कमी करणारा नवा फिल्टर बनवला तेव्हाची गोष्ट. ग्राफवर चुका जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. अनघाने मात्र पडद्याकडे बघत विचारलं, "सौरभ, ये नॉइज़ गया कहाँ?" सगळे हसले. ती हसली नाही. तिने फिल्टरला शिकवायला वापरलेली रेकॉर्डिंग्ज मागवून घेतली. नेमकी तीच चाचणीलाही वापरली होती. म्हणजे धडा पाठ करून घ्यायचा आणि परीक्षेत तोच विचारायचा! नव्या डेटावर फिल्टर चालवला, तर चुका परत आल्या... सौरभने तिच्याशी बोलणं सोडलं. बाई जळतात, अशी कुजबुज सुरू झाली. कॅन्टीनमध्ये ती आली की टेबलं गप्प व्हायची. पण त्याच सौरभच्या शेजारी खुर्ची ओढून ती कित्येक आठवडे बसली. नॉइज शेवटी कमी झाला. थोडाच, पण खराखुरा.

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट प्रशांतजींनी आणले आणि घरी सांगितलं, सगळं नॉर्मल. दुसऱ्या दिवशी मेट्रोत ती मला म्हणाली, "प्रशांतला दुधाचा भाव विचारला तरी तो अडखळतो. काल मात्र एका दमात बोलला. इतका स्वच्छ सिग्नल मी आयुष्यात पाहिला नाही, यार."

ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. आजार पसरला होता. फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"मग त्यांना सांग ना, की तुला कळलंय," मी चिडून म्हटलं.

"राहू दे. मला माहीत नाही असं समजून तो दोन घास खातो तरी."

ऑफिसात एकेका बिटवर संशय घेणारी ही बाई घरात रोज ते खोटं ऐकून घेत राहिली. ताकदीची गोळी म्हणून हातावर ठेवलेली गोळी "अच्छा" म्हणत गिळत राहिली.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मी त्यांना भेटायला गेले. प्रशांतजी म्हणाले, "तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, एवढंच समाधान." आणि माझ्याकडे रोखून पाहत राहिले. मला ती नजर टाळता येईना.

"तिला माहीत होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

खाली भाजीवाला ओरडत होता...

"मला संशय होता," ते शेवटी म्हणाले. "रोज सकाळी न विचारताच 'आज बरं वाटतंय' म्हणायची. एरवी ती कधी असं बोलली होती?"

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं, तर तिने खरं सांगितलं असतं."

हे सगळं लिहून छापायला त्यांनीच मला सांगितलं. मी निघाले तेव्हा बाल्कनीत ऊन आलं होतं. ते उठले आणि तिची वेताची खुर्ची सावलीत सरकवून ठेवली.