मिसरची कोष्टीण

लोक म्हणतात तानुबाई खुनशी होती. होतीच. मी रजियाबी, तिची शेजारीण, भिंतीले भिंत लागून. मी नाही सांगणार तर कोन सांगणार? पण खुनस कोनी मायच्या पोटातून घेऊन येत नाही. कोनीतरी डिवचते, मंग येते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी आमची गल्ली. एका बाजूनं कोष्टी, एका बाजूनं आमी मोमीन; धंदा दोघांचा एकच, मागाचा. तानुबाई विधवा. पंचे, धोतरं विणे, अन् लग्नाचे अंतरपाट विणावे तर तिनंच. जीभ तिखट, हात कसबी.

तवा तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली अन् इंग्रजाच्या गिरण्यांले कापूस मिळेना. झालं, आमच्या वऱ्हाडाले सोन्याचा भाव आला. कालपर्यंत फाटक्या वहाणा फरफटवणारे बैलांच्या शिंगांले चांदी चढवू लागले. त्यातलाच एक खुशालराव, कापसाचा दलाल. रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचा अन् वर मिशी पिळायचा. मेल्याले गंजी लावायले बाजाराच्या तोंडाशी जागा पायजे होती, अन् तिथं होतं तानुबाईचं घर.

एक दिवस तो थेट घरात शिरला. "तानू, जागा सोड. भावाकडे चांदूरले जाऊन राह्य."

"माझा माग जमिनीत गाडला हाय, खुशालराव," ती म्हणाली. "तो उठत नाही. तुमचं काय, तुमी आज हितं, उद्या तितं. ज्याचा भाव चढला त्याच्या दारात."

दारातली माणसं हसली. तेच त्याले झोंबलं. गाठोडं फाडून कापूस पाह्यासाठी दलालाच्या कमरेले सुरा असतेच. त्यानं तो काढला अन् मागावर ताणलेले सगळे उभे धागे, ताणा म्हणतो आमी त्याले, एका झटक्यात कापले. "घे. आता विण," म्हणे.

तुमाले वाटन, त्यात काय, गाठी मारायच्या अन् विणायचं. तसं नाही चालत बाप्पा. आमच्या गल्लीत, कोष्टी असो का मोमीन, एकच रीत: ज्याच्या हातानं ताणा तुटला त्याच्याच हातानं तो जोडला पायजे. तोवर तो माग मेलेला. त्यावर कोनी धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी नळी, फेकत नाही. अन् खुशालरावाले मागाखालच्या खड्ड्यात, विणकराच्या जागी बसून गाठी मार म्हणायची छाती कोनाची? गल्लीतलं सगळं सूत त्याच्या मर्जीवर. कोष्ट्यांचे पंच आपापल्या मिशा चावत बसले. तानुबाई मेल्या मागासमोर पदर तोंडाले लावून रडे. मी भाकर नेऊन ठेवायची, ती तशीच वाळून जायची.

माझे मालक, जैनुद्दीन, हजले गेले होते, ते तवा नुकतेच घरी आले. परतीचं जहाज चुकलं, म्हणून मिसरच्या, साहेब लोक इजिप्त म्हणते त्या मुलखाच्या, बंदरात कापसाच्या गाठी बांधायच्या कामाले लागले होते. तिकडेही तवा कापसाचंच येड. एका दुपारी तानुबाईचं मन रमावं म्हणून ते सांगत बसले, "तिथं एका पडक्या देवळात साहेब लोक खोदून राहिले होते. भिंतीवर एक बाई कोरली होती. डोक्यावर धोटा, हातात धनुष्य अन् बाण. म्हणे, दुनिया नव्हतीच. हिनं माग मांडला अन् आभाळ, पाणी, माणसं सगळं विणून काढलं. ती बाई म्हणते, जे होतं, हाय अन् होईल ते मीच, अन् माझा पदर अजून कोनी उचलला नाही." मंग त्यांनी कान पकडले. "तौबा. किस्सा म्हणून सांगितला, भाभी."

तानुबाईनं डोळे पुसले. "डोक्यावर धोटा? मंग ती आमच्यातलीच. पण धनुष्य काहून?"

"ते मले काय मालूम."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "विणलेलं कोनी फाडलं तर पायजे ना."

त्या दिवसापासून ती रडली नाही. गेरूनं तिनं भिंतीवर ती बाई काढली, रोज कुंकू लावू लागली. गल्ली हसली, तानीनं मिसरची कोष्टीण बसवली म्हणून. हसेना का. तिची भाकर मातर पोटात जाऊ लागली.

अन् ती वाट पाहत बसली. कारण मागावर काय होतं ते तिले ठाऊक होतं, त्या दीडशहाण्याले नव्हतं. खुशालरावाच्या पोरीचं लग्न अमरावतीले ठरलं होतं. त्याच्या घराण्यात अंतरपाट पिढ्यान्‌पिढ्या याच मागावरचा, अन् त्याच्या म्हाताऱ्या मायनं, दुर्गाबाईनं, तो स्वतः येऊन सांगितला होता. गाढवानं आपल्याच लेकीचा अंतरपाट कापला.

लग्न तोंडावर आलं तशी दुर्गाबाई आली. मागाकडे पाह्यलं अन् तिथंच खाली बसली. "कोनी केलं हे?"

"तुमच्या लेकाले विचारा."

म्हातारीनं विचारलं. मंग लेकाले सुनावलं, "दुसऱ्या घरचं कापड धरशील तर मी मांडवात पाय ठेवत नाही." खुशालरावानं तानुबाईले नवा माग देतो म्हटलं, नवं घर देतो म्हटलं. ती म्हणे, "मले काई नको. या खड्ड्यात बसा."

बसला. भरदिवसा, बाजार जाता-येता पाहून राहिला अन् दारात माय उभी. सौद्यात साऱ्या वऱ्हाडाले नाचवणारी बोटं, पण एक धागा धरता येईना. गाठ सुटायची. तानुबाई म्हणायची, "पुन्हा." ना आवाज चढवला, ना उतरवला. दिवसामागून दिवस तेच, पार शेवटल्या धाग्यापर्यंत. खोटं काहून बोलू, माझंही काळीज थंड झालं.

अंतरपाट तिनं असा विणला की बोट ठेवायले जागा नाही. "पोरीचा काय गुन्हा?" म्हणाली. लग्न वाजतगाजत झालं. खुशालरावाले वाटलं, मिटलं.

पण ताणा अजून उरला होता. ती विणतच राहिली. साधं पांढरं कापड, ना काठ ना पदर. झालं तसं बाजाराच्या अंगाले, दाराच्या खुंटीवर टांगलं. खुशालरावानं जाता जाता चार लोकांदेखत विचारलं, "हे कोनाचं व?"

"तुमचं. तुमीच जोडलेलं सूत हाय. पायापासून तोंडापर्यंत पुरते, मी अंदाज घेतला हाय."

त्याचा चेहरा उतरला. मंग तो नदीच्या अंगानं फेरा घालून बाजारात जाऊ लागला. विकत घ्यायले माणूस धाडला. ती म्हणे, "मढ्याचं कापड मी विकत नसते. ज्याचं त्यानं न्यावं." शेवटी स्वतः आला, मिशी खाली, हात जोडलेले. "तानुबाई, काढा ते खुंटीवरून."

तिनं काढलं. नीट घडी घातली अन् दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरलं. "घ्या."

त्यानं हात पुढं केले. मंग कापडाकडे पाह्यलं अन् मागं घेतले. जित्या माणसानं आपलंच कफन बगलेत मारून घरी कसं न्यावं? तानुबाईनं ते परत खुंटीले टांगलं.