सुट्टीच्या दिवसाचा लोड

रुपेश सरांपेक्षा कल्याणीला त्यांच्या मोबाइलचाच जास्त राग यायचा. जुन्नरला कॉलेज करणारी ही पोर हाफ मॅरेथॉन पळायची आणि राज्याच्या निवड चाचणीसाठी जिवाचं रान करत होती. मनगटावर सरांच्या धावण्याच्या क्लबचं घड्याळ. ती किती पळाली, छाती किती धडधडली, ते सगळं सरांच्या मोबाइलवर उमटायचं आणि आठवड्याचा एक आकडा निघायचा. त्याला सर लोड म्हणायचे. एकदा आकडा दिसला की तिच्या तोंडाकडे बघायची त्यांना गरज वाटत नसे.

रविवारी विश्रांती. घड्याळ काढून चार्जिंगला लावायचं, हा सरांचाच नियम. कल्याणी शनिवारी एसटीने घाटघरच्या अलीकडे आपल्या गावी जायची. आणि जुलैतला रविवार म्हणजे भाताची आवणी. त्यातही सावड. लोक आपल्या खाचरात राबून गेले की आपल्या घरचं एक माणूस त्यांच्याकडे गेलंच पाहिजे. आई जानकाबाई तिलाच धाडायची. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची, भारे वाहायचे आणि सोमवारी पुन्हा पळायला हजर.

नडगी ठणकायला लागली तेव्हा तिनं सरांना सांगितलं. सरांनी मोबाइल नाकासमोर धरला.

"लोड कमी हाये तुझा. काल तर नुसती लोळत व्हतीस. नाटकं बंद कर."

आवणीचं सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण 'लोळत' हा शब्द असा झोंबला की ती मुद्दामच गप्प बसली. सरांनी चढावरच्या फेऱ्या वाढवल्या. तिनं दातओठ खात त्या पळून दाखवल्या.

एके दिवशी चढावरच ती मटकन खाली बसली. नडगीच्या हाडाला चीर. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर तिनं सरांसमोरच आवणीचं सांगितलं. त्यांनी पळणं आणि शेत दोन्ही बंद केलं.

सर घरी आले ते भांडायलाच.

"पोरीला चिखलात राबवता? माझं सिलेक्शन घालवलं तुमी!"

जानकाबाई कुठली ऐकतेय. "अन तुमी डोंगरावर पळवली ती? आता सावडीला कोन जायचं? तुमी येता का?"

दोघं हमरीतुमरीवर आले. पाय कसा आहे, हे अजून एकानंही विचारलं नव्हतं. खाटेवरच्या कल्याणीच्या डोक्यात तिडीक गेली.

"पाय माझा मोडलाय! तुमचं सिलेक्शन अन हिची सावड, दोन्ही घाला चुलीत. निघा दोघंबी हितून!"

सर पाय आपटत गेले. जानकाबाई उंबऱ्यातच थबकली. स्वतःच्याच घरातून निघून जायचं कुठं, ते तिला कळेना.